दारवाल्यांना दिलेलं पाणी

कागदाला लागलेली कसर कशी घालवायची, एवढंच मला शोधायचं होतं. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर सासऱ्यांच्या वह्यांची गाठोडी आहेत. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, साठ वर्षं पंचवटीत यात्रेकरूंचे उपाध्याय होते. कोणत्या गावचं, कोणत्या आडनावाचं कुटुंब नाशिकला आलं, कोणाचं कार्य करायला आलं, त्यांचे बाप-आजे कोण, हे सगळं त्या वह्यांमध्ये खुद्द यात्रेकरूंच्या हस्ताक्षरात आहे. श्रावणात मी एक गाठोडं सोडलं तर आतून चंदेरी किडे सैरावैरा पळाले. मी नुकतीच निवृत्त झालेली, हात रिकामे आणि डोकं मुळातच तापट. मी गप्प बसणार नव्हते.

फोनवर शोधलं तर आधी औषधांच्या जाहिराती आल्या आणि त्यांच्या खाली एका माणसाचं पान. कुठल्याशा थंड देशातला, जुनी पुस्तकं दुरुस्त करणारा माणूस. कागद पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणत होता. मी एक वही मटारांच्या शेजारी ठेवली. संध्याकाळी नवऱ्याने फ्रीज उघडला, वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फ्रीज बंद केला. तीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला आहे.

त्या पानावर कोणी काही विकत नव्हतं. कसरीची गोष्ट सांगता सांगता तो माणूस आपल्या कुत्र्यावर गेला होता, कुत्र्यावरून बर्फावर, बर्फावरून आईच्या सूपवर. बाजूला एक यादी होती, मी हे वाचतो म्हणून. तिच्यातल्या एका नावावर मी बोट ठेवलं आणि तिथून जी वाट चुकले ती चुकलेच. एक बाई रस्त्यात पडलेल्या एकेकट्या चपलांचे फोटो काढत होती आणि जोडीची दुसरी कुठे गेली असेल याचा विचार करत होती. एक गृहस्थ रोज खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाबद्दल एक वाक्य लिहीत होता, फक्त एक, आणि हे अकरा वर्षं. एकाने आयुष्यात बसलेल्या बाकांची वर्णनं केली होती, कुठला टेकायला बरा, कुठल्याला खिळा वर आला आहे. या सगळ्यांच्या मुळाशी काय आहे ते मला काही केल्या कळेना.

नवरा म्हणाला, "याला ब्लॉग म्हणतात. जुनी गोष्ट झाली. आता कोणी लिहीत नाही."

"मग हे काय भुतं लिहितायत?" मी म्हणाले. तो अंबडच्या कारखान्यात मशिनं सांभाळतो. ज्याचं उत्तर येत नाही त्या प्रश्नाला तो आंघोळीला जातो.

माझा गोंधळ का होत होता ते सांगते. मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढली. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर कोणाकडून आणि कोणास, या दोन गोष्टी असायच्याच. नसतील तर मी कागद परत पाठवायची, साहेबांचा असला तरी. आणि इथे ही माणसं ढीगभर जावक करत होती आणि कोणास, ही जागा कोरी. कित्येकांनी तर कोणाकडून हेही लिहिलेलं नव्हतं. वाचताना मला दुसऱ्याचं टपाल फोडल्यासारखं वाटायचं, आणि तरी मी वाचायची. मराठीतलेही सापडत गेले. एक बाई अहिराणीत लिहायची. एका दिवशी तिने नुसतं "आज घरमा कोनी नही शे" एवढंच लिहिलं होतं. ते वाचून मी दुपारभर अस्वस्थ होते, आणि का ते मलाच सांगता येईना.

अण्णांना काचबिंदूमुळे आता दिसत नाही. दुपारी चारला चहा झाला की मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. भाद्रपद लागला तेव्हा ते म्हणाले, "तेच तेच वाचू नकोस. दुसरं काही असेल तर बघ." म्हणून मी फोन काढला आणि चपलांवाली वाचून दाखवली.

"गाव कोणतं तिचं?" अण्णांनी विचारलं.

"दिलेलं नाही."

"आडनाव?"

"तेही नाही."

"मग कोणाची कोण, ते कसं कळायचं?" अण्णा वैतागले, पण म्हणाले, "पुढे वाच."

आठवड्याभरात ते माझ्यापेक्षा पुढे गेले. त्यांनी मला एक दोनशे पानी वही आणायला लावली आणि प्रत्येकाची नोंद करायला लावली. नाव नाही तर पानाचं नाव, गाव नाही तर बोलीवरून अंदाज. अहिराणीवालीचं गाव त्यांना सांगता आलं नाही, पण ती बागलाणातली आणि माहेर सटाण्याकडचं, हे त्यांनी दोन ओळींत छातीठोक सांगितलं. प्रत्येक नोंदीखाली ते मला अर्धं पान कोरं सोडायला लावत. "पुढची पिढी येईल, ती लिहील," म्हणत. मी कचेरीत कधी कागद वाया घालवला नव्हता, माझा जीव खालीवर व्हायचा. अण्णांना सांगून उपयोग नव्हता. दोन वर्षांपूर्वी घाटाच्या पायरीवर पडल्यापासून त्यांचं जाणं बंद झालं होतं, मुलगा मशिनांकडे, वह्या माळ्यावर. त्या दोनशे पानी वहीमुळे ते पुन्हा खुर्चीत ताठ बसू लागले होते.

त्यांचा सगळ्यात आवडता ब्लॉग होता 'मागचं दार'. लिहिणाऱ्याने कुठे काही सांगितलेलं नव्हतं, पण गिरणीतून येणारा भाताच्या कोंड्याचा वास आणि समोर कळसूबाईचा डोंगर यावरून अण्णा म्हणाले, घोटी. घराच्या मागच्या दारातून जे दिसेल ते हा माणूस लिहायचा. चिंच, शेजारणीच्या कुरडया, एक काणं मांजर. लिहायचा छान, पण एक चमत्कारिक सवय होती. सुरुवात कायम "हो" नाहीतर "नाही"ने. "हो, चिंचेला पालवी आली, पण वरच्या अंगाला. खालच्या फांद्या अजून तशाच." "नाही, मांजर आलं नाही. ताटली तशीच आहे." प्रश्न कुठेच नाही, नुसती उत्तरं. मी चक्रावून जायची. अण्णा म्हणायचे, "त्याला कोणीतरी विचारतंय." कोण विचारतंय, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्याला आम्ही दारवाले म्हणू लागलो.

दारवाल्यांचं लिहिणं तीन वर्षांपूर्वी थांबलं होतं. शेवटच्या नोंदीत शेजारणीने मूग वाळत घातले होते आणि बाकी काही नव्हतं. मी अण्णांना म्हणाले, कंटाळला असेल. अण्णांनी मान हलवली. त्यांच्या वह्यांमध्ये माणूस एकाच कारणाने लिहायचा थांबतो, आणि मग मुलगा येऊन बापाच्या नावाआधी कैलासवासी लिहितो.

"खाली मुलाने काही लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. कोणीच नाही."

"म्हणजे त्याला कोणी नाही," अण्णा म्हणाले.

सर्वपित्रीला अण्णांनी रामकुंडावर जायचंच म्हणून धरलं. नवऱ्याने रजा टाकली, रिक्षा सांगितली, दोघांनी धरून पायऱ्या उतरवल्या. पितरांचं झालं, गुरूंचं झालं, आप्तांचं झालं. मग ते म्हणाले, "तीळ दे. दारवाले राहिले." गोत्र ठाऊक नसलं की काश्यप घालतात, ते घातलं. नावाच्या जागी दारवाले हेच संस्कृत करून घातलं. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी पदर तोंडाला लावला. घरी येताना ते रिक्षात म्हणाले, "साठ वर्षांत माझ्या हातून एकही नाव चुकलेलं नाही. बरं झालं, आज जाता आलं." हे आपलं शेवटचं कार्य, हे त्यांना कळलं होतं आणि आम्हालाही.

पुढचा मूर्खपणा मी केला. अण्णा म्हणाले, कार्य झालं की घरच्यांना कळवायचं असतं, मुलगा नसला तरी भाऊबंद कोणी असेल. ब्लॉगच्या शेवटच्या नोंदीखाली वाचकांना लिहायला जागा असते. तिथे मी कचेरीच्या मराठीत लिहिलं, की 'मागचं दार' लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना आमच्या सासऱ्यांनी सर्वपित्री अमावास्येस गोदावरीवर तिलांजली दिली आहे, तरी कुटुंबीयांनी निश्चिंत असावे.

दसरा झाल्यावर सहज पाहिलं तर खाली उत्तर होतं. "मी जिवंत आहे. आपण कोण?"

पहिला आला तो राग, आणि तो दारवाल्यांचाच. जिवंत माणसाने तीन वर्षांत दोन ओळी लिहायला काय झालं होतं? मग भीती वाटली. जिवंत माणसाच्या नावाने तीळ सोडले होते, आणि ते माझ्या वाचनावरून. आणि अण्णा. ते कार्य चुकलं म्हणजे त्यांचं शेवटचं कार्य चुकलं, मग मागच्या साठ वर्षांवर त्यांचा विश्वास राहील का? हे त्यांना सांगायचं कसं, आणि न सांगता त्यांच्यासमोर रोज चारला बसायचं कसं?

नवरा म्हणाला, "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. सांगून टाक त्यांना."

"तूच सांग."

तो आंघोळीला गेला.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे. तरी मी चार दिवस काढले. अण्णा रोज विचारायचे, "दारवाल्यांकडचं कोणी काही बोललं?" आणि मी नाही म्हणायची. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "तू वाचताना कधी अडखळत नाहीस. चार दिवस अडखळतेयस. काय आलंय ते वाच."

मी वाचलं. अण्णांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्यांनी चहाचा कप हाताने चाचपून टेबलावर ठेवला.

"माळ्यावरच्या वह्या कोणाला तरी देऊन टाका," ते म्हणाले. "आता माझ्या हाताचा भरवसा नाही."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. उपास नव्हे, नुसतं नको म्हणायचे. सकाळी दूध, रात्री दूध. मी वरणभात कालवून नेला, रागावले, समजूत काढली, शेवटी त्यांच्यासमोर रडले. ते म्हणाले, "तुझा दोष नाही," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मला ते ऐकून जास्तच धसका बसला. शहाऐंशीच्या माणसाचं सगळं ठीक असून तो जेवत नसेल तर त्याला कोणतं औषध देणार?

मग मी दारवाल्यांना लिहिलं, त्याच जागी, सगळ्या जगाला दिसेल असं. आम्ही कोण, चूक कशी झाली, अण्णा कसे जेवत नाहीत, सगळं. माफी मागितली. आणि राहवलं नाही म्हणून शेवटी हेही लिहिलं, की तुम्ही लिहायचं का थांबवलंत आणि मुळात तुम्ही कोणाला उत्तरं देत होतात, हे एकदा कळलं तर उपकार होतील.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अण्णांच्या पलंगाशी बसून मी ते मोठ्याने वाचलं. आधी स्वतः वाचून बघायचा धीर माझ्यात नव्हता.

त्यांनी लिहिलं होतं, "माझी बायको पुढच्या खोलीत पलंगावर असायची. पाच वर्षं. तिथून मागचं दार दिसत नाही. तिचा सगळा जीव त्या दाराशी होता. चिंच तिने लावलेली. ती पडल्या पडल्या मोठ्याने विचारायची, पण तिला ऐकू यायचं बंद झालं होतं, म्हणून उत्तर लिहून द्यावं लागे. माझं अक्षर तिला लागत नसे. माझ्या भाच्याने फोनवर हे पान उघडून दिलं, मी लिहायचो आणि ती तिच्या फोनवर वाचायची. हे बाकीच्यांना दिसतं, हे मला दसऱ्यापर्यंत माहीत नव्हतं. भाच्याने फोन करून सांगितलं की मामा, तुमच्या दाराखाली कोणीतरी लिहिलंय. मुगाच्या दिवशी ती गेली. मग कोणाला लिहायचं? तिचं सगळं घोटीतच उरकलं. माझे गुडघे धरलेले, नाशिकला जायचं राहून गेलं. मूलबाळ नाही. आजोबांना सांगा, मला वाईट वाटलं नाही. उलट एक विचारायचं आहे. माझ्या नावाने सोडलेलं पाणी तिच्याकडे वळवता येईल का? येत नसेल तर राहू द्या."

मी वाचायची थांबले. अण्णा भिंतीकडचे वळले.

"वळवता येत नाही," ते म्हणाले. "पाणी नव्याने द्यावं लागतं. त्यांना कळव. आणि विचार, बाई गेल्या त्या दिवशी तिथी कोणती होती?"

तिथी दारवाल्यांना ठाऊक नव्हती, तारीखही नक्की आठवेना, आणि पानावर नुसते महिने होते. अण्णा म्हणाले, मग अमावास्या. येती अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजनाचा दिवस. नवरा म्हणाला, "अण्णा, दिवाळीत?" अण्णांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाले, "भात टाक थोडा. मऊ." मी कुकर लावला आणि ओट्याशी उभी राहून रडले. कोणासाठी ते नीट सांगता येणार नाही. त्या बाईंना मी ओळखतसुद्धा नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पंचवटीत झेंडूचे ढीग लागलेले, पाय ठेवायला जागा नाही. दारवाले भाच्याच्या गाडीतून आले. लिखाणावरून मी कोणी मास्तर असतील असं धरून चालले होते. हे भाताच्या गिरणीत जन्म काढलेले, ठेंगणे, दोन्ही हातांना घट्टे पडलेले. भाच्याने त्यांना खालच्या पायरीवर टेकवलं. आम्ही अण्णांना त्यांच्याशेजारी बसवलं. ज्यांना आपण पाणी दिलं त्यांच्याशी बोलायची रीत कुठल्या वहीत असणार?

अण्णांनी चाचपडत त्यांचा उजवा हात शोधला. तीळ ठेवण्यासाठी धरायचा तो हात, पण अण्णांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. अण्णांचे पाणावलेले, काही न दिसणारे डोळे दारवाले बघत राहिले. त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.

"ऊन आहे हात यांचा," अण्णा मला म्हणाले.

मग त्यांनी त्या हातावर तीळ ठेवले, दर्भ ठेवला आणि म्हणाले, "आता त्यांचं नाव तुम्ही घ्या. मोठ्याने."

दारवाल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदाही तसंच. भाचा नाव सांगायला पुढे वाकला तर अण्णांनी हाताने त्याला थांबवलं.

"नावानं कधी हाक मारली नाय तिला," दारवाले म्हणाले. "चाळीस वरसं. अगं म्हनायचो नायतर ऐकलंस का. आमच्यात नाय घेत नाव."

"असू दे," अण्णा म्हणाले. "मी थांबतो."

मागे लोक खोळंबले होते, कोणीतरी आवरा म्हणालं. अण्णा हललेसुद्धा नाहीत. दारवाल्यांनी पाण्याकडे बघत, अगदी हळू, मग थोडं मोठ्याने बायकोचं नाव घेतलं, आणि अण्णांनी त्यांच्या तळहातावर पाणी घातलं.